पान सातवरचे भाऊ

नऊ फेब्रुवारी, सोमवार. सकाळपासून दुकानात बसून स्मरणिकेची प्रुफं तपासत होते. चोवीस पानं. पहिल्यावर फोटो, दुसऱ्यावर समितीची यादी, मग चार पानं शुभेच्छा. मेलेल्या माणसाच्या स्मरणिकेत शुभेच्छा कशाच्या, हे मला कळत नाही, पण छापायची पद्धत आहे. सहाव्या पानापर्यंत वेलांट्या-उकारांपलीकडे काही अडलं नाही. सातव्यावर अडलं.

सातव्या पानाचा मजकूर समितीच्या सचिवांनी स्वतः लिहून दिला होता. त्यात असं वाक्य होतं: ‘मिरवणुकीच्या त्या कसोटीच्या प्रसंगी भाऊंच्या एका शब्दाखातर दोन्ही समाज एक झाले आणि रक्ताचा एक थेंबही न सांडता दंगल टळली.’

हे खोटं आहे. मी तिथं होते. रक्त सांडलं, माझ्या साडीवर सांडलं, ती साडी नंतर टाकून द्यावी लागली. आणि एकोणीस वर्षांच्या एका मुलीचा डावा डोळा गेला.

मी सचिवांना फोन लावला. हे गृहस्थ भाऊंच्या युनियनमधले, आता निवृत्त. आवाज अजून गेटबाहेरच्या कामगार सभेचाच.

“बाई, हे स्मरणिका हाये, पंचनामा नाई,” ते म्हणाले. “मेलेल्या मानसाले काऊन खाली पाडता?”

“मी पाडत नाहीये. मुलगी जिवंत आहे. ती वाचेल.”

“तिले कोन नेऊन देते? तुम्ही फक्त शुद्धलेखन पाहा ना. उद्या दुपारी बारापर्यंत पान प्रेसले गेलं पायजे. रविवारी सभा हाये.”

“बघते,” म्हणून फोन ठेवला. सातवं पान बाजूला काढून बाकीची सतरा तपासली. ती तपासून झाली तरी सातवं तिथंच होतं.

*

माझं वर्ध्यात झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. भाऊ अठरा वर्षं माझं गिऱ्हाईक होते. नाव लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि बाकीच्यांना ‘गेटमन आमदार’ एवढं पुरेल. लोक त्यांना तसंच म्हणायचे, काही प्रेमानं, काही खवचटपणे. आम्ही भाऊ म्हणायचो. ते मला ‘टायपिंगबाई’ म्हणायचे.

पहिल्या दिवशी ते दुकानाबाहेर उन्हात उभे राहिले. पायजमा, खादीचा मळका नेहरू शर्ट, खांद्याला झोळी. मला वाटलं, वर्गणी मागणारे असतील. मी लक्ष दिलं नाही. दहा मिनिटांनी पाहिलं तर तिथंच.

“काय पाहिजे?” मी विचारलं.

“आत येऊ का?”

“दुकान आहे, कोणीही येतं.”

“कोनीही येते म्हनूनच इचारलं. तुमच्या हातातलं काम संपू द्या.”

या माणसाला पाच वर्षं आमदार म्हणून सगळ्या कचेऱ्यांची दारं उघडी होती, हे मला नंतर कळलं.

ते शेतकरी घरातले. तरुणपणी रेल्वेत फाटकवाले म्हणून लागले. शेताडीतलं एकलं फाटक, एक खोली, एक फोन. तिथं बसून त्यांनी नियमांची जाडजूड पुस्तकं वाचली आणि साहेबांनाच नियम दाखवू लागले. म्हणून युनियनवाल्यांनी उचललं. चौऱ्याहत्तरच्या संपात तुरुंगात गेले, नोकरी गेली, काही वर्षांनी परत मिळाली. मग पुढारीपण आलं, मग एकदा निवडून आले, मग दोनदा पडले. त्यानंतर त्यांनी पक्ष सोडला आणि गावोगावची भांडणं मिटवत फिरू लागले. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘शांतिदूत’ केलं. त्यांना तो शब्द आवडत नसे. “दूत म्हंजे पत्र पोचवनारा. मी पोस्टमन नाई,” म्हणायचे. पवनारच्या आश्रमात प्रार्थनेला जाणाऱ्या मंडळींतही ते कधी बसले नाहीत. धाम नदीच्या पाण्यात पाय धुवायचे आणि पुढच्या बसनं परत यायचे. उपोषणाचा त्यांना तिटकारा होता. कोणी उपोषणाला बसलं की ते मंडपासमोर बसून झोळीतली ज्वारीची भाकर आणि कांदा खायचे. “उपास म्हंजे सोताच्याच पोटावर लाठीचार्ज,” म्हणायचे. एका उपोषणकर्त्यानं तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडून अर्धी भाकर मागून घेतली होती, हे त्या गृहस्थांनी स्वतःच मला सांगितलं.

माणूस गमतीचा वाटतो ना? तसा नव्हता. त्यांच्याबरोबर बसणं कठीण होतं. त्यांना सगळं पक्कं लागायचं, आणि पक्कं होण्याची त्यांची रीत रेल्वेची होती.

ती रीत मला त्यांनी पहिल्याच महिन्यात समजावून सांगितली. पुढं येणाऱ्या गोष्टीसाठी ती समजून घेणं भाग आहे.

“फोन वाजते,” ते म्हणाले. “टेशनावरचा मास्तर म्हन्ते, गाडी येऊन राह्यली, फाटक लाव. मी बाहेर जातो. फाटक लावतो, कुलूप घालतो, चाबी खिशात. मंग फोनवर येतो. माह्याजवळ एक कागद असते, त्याच्यावर उलटेसुलटे नंबर. पुढचा नंबर मी मास्तरले सांगतो. सत्तेचाळीस. तो लिहून घेते, मी कागदावर खोडतो. मंगच तो सिग्नल देऊ शकते. आधी फाटक, मंग नंबर. ‘लावतो’ म्हनून नंबर नाई देता येत. ‘लावलं’ म्हनूनच देता येते.”

“आणि कोणी आधीच दिला तर?”

“देतात ना. बैलगाडी फाटकात अडकली असते, मास्तर फोनवर बोंबलून राह्यला असते, गडी मन्ते, घे बावा नंबर, लावतोच आता. मीही एकदा देल्ला.”

“मग?”

“काही नाई झालं. तेच वाईट झालं.”

हीच रीत त्यांनी भांडणांना लावली. दोन्ही बाजूंना एकेक कागद द्यायचे, दोन आकडी नंबरांचा, स्वतःच्या हातानं लिहिलेला. कुंपण काढायचं ठरलं, तर काढल्यावर त्या बाजूनं नंबर द्यायचा. मग दुसऱ्या बाजूनं आपलं कबूल केलेलं करायचं आणि आपला नंबर द्यायचा. शपथा, मिठ्या, पेढे यांतलं त्यांना काही चालत नसे. लोक आधी हसायचे, पण आकड्याला एक वजन येतं. एकदा खोडला की माघार घ्यायला लाज वाटते. भावाभावांचे बांधाचे दोन तंटे त्यांनी असे मिटवलेले मी पाहिले आहेत.

मलाही सोडत नसत. “टाइप झालं का?” “होतंय.” “मंग सांगू नका. झाल्यावर सांगजा.”

आमदार असताना एका मंत्र्यानं त्यांना सांगितलं होतं की तुमच्या पुलाची मंजुरी झाली. भाऊंनी लगेच कागद पुढं केला. मंत्री हसले आणि ‘सत्तावीस’ म्हणाले. मंजुरी झालीच नव्हती. त्यानंतर दर महिन्याला त्या मंत्र्यांना पत्र जायचं: आपला नंबर सत्तावीस माझ्याकडे नोंद आहे, पूल दिसत नाही. मंत्र्यांचं मंत्रिपद गेलं, पक्ष बदलला, पुढं त्यांना अर्धांगवायू झाला, तरी पत्रं चालू. शेवटची काही मीच टाइप केली. मी एकदा म्हटलं, “भाऊ, आजारी माणूस आहे, सोडा आता.” ते म्हणाले, “नंबर आजारी नाई.”

*

युद्धाची बातमी आली की ते दुकानासमोरच्या चौकात उभे राहायचे. हातात मी प्रिंट काढून दिलेला कागद, पुठ्ठ्यावर चिकटवलेला: युद्ध नको. रोज सतरा दहा ते अठरा दहा. घड्याळ ते रेल्वेचंच बोलायचे. शेजारी कोणी नसे. मोटारसायकलवरची पोरं ओरडून जायची. एक थांबला, म्हणाला, “पाकिस्तानले जाय ना बे बुढ्या!”

“कोनत्या गाडीनं?” भाऊंनी विचारलं. “कुठून सुटते ते सांग. मले पास हाये.”

पोरगा हसला. त्याला हसायचं नव्हतं, पण हसला. पण दुसऱ्या दिवशी दुसरा आला आणि त्यानं पुठ्ठा ओढून गटारात टाकला. भाऊ रिकाम्या हातानं अठरा दहापर्यंत उभे राहिले. मी दुकानातून पाहत होते. गिऱ्हाईक होतं, म्हणून गेले नाही. खरं म्हणजे गिऱ्हाईक थांबलं असतं.

त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचे. शांत बाई. दोघं दोन खोल्यांत राहायचे, मुलगा दूर नोकरीला. एकदा मी वहिनींना विचारलं, भाऊ घरीही नंबर मागतात का.

“मले कधी नाई मांगितला,” त्या म्हणाल्या. “माह्यावर भरोसा होता मनून का माही गिनतीच नवती मनून, ते तुम्हीच इचारा त्याईले.”

मी विचारलं नाही.

*

आता ती संध्याकाळ. बारा-तेरा वर्षं झाली. गावाचं नाव लिहीत नाही, वर्ध्याहून बसनं तासाभरावर आहे. तिथं चौदा एप्रिलच्या मिरवणुकीवरून वाद चालला होता. बौद्ध मंडळींना मिरवणूक गावातल्या मधल्या गल्लीनं न्यायची होती, देवळाच्या पारावरून. जुनी शेतकरी घरं त्या गल्लीत, त्यांची ना होती. आदल्या वर्षी ढकलाढकली झाली होती. भाऊ तीन आठवडे तिथं जात-येत होते. शेवटी ठरलं. करार मी टाइप केला. मिरवणूकवाल्यांनी तीन गोष्टी करायच्या: गल्लीत डीजे बंद ठेवायचा, झेंड्यांच्या जाड काठ्या काढून बारीक कळक लावायचे, आणि पारासमोर थांबायचं नाही. पलीकडच्यांनी एकच गोष्ट करायची, गल्ली मोकळी करायची: तोंडाशी आडवी लावलेली ट्रॅक्टरची ट्रॉली काढायची आणि पारावर बसलेली पोरं उठवायची. पलीकडच्यांचे म्होरके होते गावातले एक मोठे शेतकरी. ते भाऊंचे सोयरे, वहिनींचे चुलतभाऊ.

भाऊंनी मला बरोबर नेलं. नावांची काही चूक निघाली तर जागेवर दुरुस्त करायला. दुकान बंद होतं, मी गेले.

साडेचारपासून मिरवणूक विहारासमोर उभी होती. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. भाऊंनी मिरवणूकवाल्यांकडून पहिला नंबर घेतला, डीजेचा. स्वतः जाऊन वायर काढलेली पाहिली. दुसरा घेतला, काठ्यांचा. एकेक काठी मोजून बघितली. म्हाताऱ्या माणसांनी उन्हात काठ्या पुढं केल्या आणि त्यांनी त्या बोटांनी दाबून पाहिल्या. तिसरा नंबर, न थांबण्याचा, हा खरं तर आधी देता येण्यासारखा नव्हता, पण त्यांनी आग्रह धरून जयंती मंडळाच्या अध्यक्षांकडून लिहूनच घेतला.

समोर बॅनर धरून प्रज्ञा उभी होती. अध्यक्षांची पुतणी. पोलीस भरतीची तयारी करत होती. धावण्याची चाचणी पार केलेली, लेखी व्हायची होती. निळा फेटा. मला म्हणाली, “ताई, तुम्ही पानी प्या, पडसान नाईतर. तुमचे भाऊ काय एसटीच्या बॅगा तपासून राह्यले का?” सगळ्या पोरी हसल्या.

साडेपाच झाले. पलीकडून नंबर येईना. लोक कुरकुरायला लागले. भाऊंनी सोयऱ्यांना फोन लावला. भाऊंना जरा कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांच्या फोनचा आवाज मोठा असायचा. मी शेजारी होते, मला सगळं ऐकू आलं.

“ट्रॉली निघाली का?”

“काढून राह्यलो ना भाऊजी. पाच मिनिटं. तुम्ही निघा, तुम्ही येइपर्यंत मोकळं.”

“नंबर देजा.”

“आता भाऊजी, मलेही नंबर? बहिनीच्या घरचे हो तुम्ही. माह्यावर भरोसा नाई का?”

भाऊ थांबले. श्वास घेण्याइतकं. मग त्यांनी फोन खिशात टाकला, मिरवणुकीकडं वळले आणि हात वर करून म्हणाले:

“नंबर आला. चला.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी काही बोलले नाही.

गल्लीच्या तोंडाशी ट्रॉली तशीच होती. मागून ढोल येतच होते, पुढच्यांना थांबता येईना, आणि ट्रॉलीत दगड होते. ते कोणी भरले, कधी भरले, हे कोर्टातही ठरलं नाही. पहिले दोन बॅनरला लागले. तिसरा प्रज्ञाला लागला. मी तिच्याजवळ पोचले तेव्हा ती खाली बसली होती आणि ‘माहा फेटा कुठी हाये, फेटा कुठी हाये’ म्हणत होती. मी पदर दाबून धरला.

भाऊ मग ट्रॉलीवर चढले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. दगड थांबले. त्यांच्या कपाळालाही खोक पडली होती. हाच फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. खाली लिहिलं होतं, दंगल टळली. पुढच्या वर्षी त्यांना त्यासाठी एक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी तो घेतला. शाल पांघरून घरी आले ते तीन दिवस बाहेर पडले नाहीत, असं वहिनी म्हणाल्या. पण घेतला.

*

दवाखान्याच्या बाहेर प्रज्ञाचे वडील भाऊंना एवढंच म्हणाले, “आमच्यापासून तीन नंबर घेतले साहेब. आन सोयऱ्यापासून?”

त्याचं उत्तर भाऊंनी कधीच दिलं नाही, आणि त्याचं कारण मला ठाऊक आहे. आधी केस होती. भाऊ साक्षीदार होते. वकील म्हणाले, निघण्याचा इशारा तुम्ही चुकून दिला असं म्हणाल, तर समोरचे म्हणतील ठरल्याआधीच हे घुसले. मुलीचंच नुकसान होईल. ते गप्प राहिले. केस रखडत रखडत चालली आणि शेवटी सगळे सुटले.

सुटले त्याच आठवड्यात भाऊ दुकानात आले. हातानं लिहिलेलं एक पान होतं. वर्तमानपत्राला द्यायचं होतं. मी टाइप केलं. पहिलं वाक्य आठवतं: ‘त्या दिवशी मला नंबर मिळाला नव्हता.’ पुढं सगळं सरळ लिहिलं होतं. परक्यांच्या काठ्या दाबून पाहिल्या आणि घरच्या माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवला, असं. 

प्रिंट काढून मी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, “भाऊ, आता कशाला? केस संपली. तुमचं वय काय, तब्येत काय. ज्यांनी दगड मारले ते मोकळे, आणि लोक तुम्हालाच धरतील. वहिनींच्या माहेरचं निराळंच. मुलीचा डोळा काही परत येणार नाही.”

मला ते तेव्हा शहाणपणाचं वाटलं. मी गिऱ्हाइकांना नेहमीच सल्ला देते: हा अर्ज करू नका, हा पुरावा जोडा, याला काही अर्थ नाही. बहुतेक वेळा माझं बरोबर निघतं.

त्यांनी कागद वाचला. घडी केली. हातानं लिहिलेलं पानही मागून घेतलं. “तुम्ही म्हन्ता तर,” म्हणाले आणि निघून गेले. पुन्हा विषय काढला नाही. तो कॉम्प्युटरही नंतर बदलला, माझ्याकडे प्रत राहिली नाही.

त्यांनी एकच केलं. दर महिन्याला झोळीत पाच किलो ज्वारी घेऊन ते त्या गावाला जायचे. प्रज्ञाच्या वडिलांनी तिला पिठाची गिरणी घालून दिली होती. भाऊ बाकावर बसायचे, ज्वारी दळून घ्यायचे आणि परतीच्या बसनं यायचे. वहिनी वैतागायच्या. “वर्ध्यात का गिरन्या नाईत? तेथचं पीठ जाडं येते,” म्हणायच्या. तरी भाकरी त्याच पिठाच्या होत. हे वर्षानुवर्षं चाललं, गुडघे गेले तरी.

डिसेंबरात ते गेले. शेवटच्या आठ दिवसांत मी दोनदा भेटून आले. एकदा डोळे मिटलेले होते. एकदा उघडे होते, पण त्यांना गाड्यांच्या वेळांशिवाय काही बोलायचं नव्हतं. कुठलीशी पॅसेंजर केव्हाच बंद झाली आहे, ती आली का विचारत होते. मी ‘आली’ म्हटलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे पटलं नव्हतं.

स्मशानात आम्ही वीसेक जण होतो. युनियनचा झेंडा आणायचा राहून गेला, म्हणून सचिव एकेकाला फोन लावत होते. आता रविवारच्या सभेला दोनशे खुर्च्या सांगितल्या आहेत.

त्याच सोमवारी संध्याकाळी सचिवांचा पुन्हा फोन आला. “झालं का पान?”

“होतंय,” मी म्हटलं.

“जे लिहिलं तेच राहू द्या, बाई. मोठ्या मानसाची एखादी गोस्ट अशी राहू द्यावं लागते.”

मी दुकान बंद केलं. घरी स्वयंपाक केला, जेवणं झाली, आणि ओट्याशी उभ्यानंच पान सातचा मजकूर नव्यानं लिहिला. भाऊंचं पहिलं वाक्य घेतलं, पुढचं माझ्या आठवणीनं. ट्रॉली, तीन नंबर, सोयरे, फोन. पाऊण पान झालं. अलंकार काही नाहीत.

*

मंगळवारी सकाळी पावणेसातची बस धरली. आठच्या आत गावात होते. मिरवणूक आता बाहेरच्या रस्त्यानं जाते, असं बसमधल्या एका बाईनं सांगितलं. त्यामुळं भांडण होत नाही, म्हणाली.

गिरणी चालू होती. प्रज्ञा आता बत्तिशीची. केसांवर पीठ, पदर खोचलेला, डावा डोळा मिटलेला. मला तिनं लगेच ओळखलं.

“ज्वारी नाई आनली?” मोटरच्या आवाजावरून ओरडली.

“नाही. कागद आणलाय. वाचून दे.”

तिनं हातातलं दळण संपवलं, मगच मोटर बंद केली. एकदम शांत झालं. हात झटकून कागद घेतला, उजव्या बाजूला धरून वाचला. दोनदा वाचला.

“हे छापतीन?”

“तू म्हणालीस तर. तुझं नाव घातलेलं नाही. घालायचं असेल तर घालते.”

“घाला. पूर्न घाला.” मग म्हणाली, “दर महिन्याले येत होते. त्या बाकावर बसत. मी म्हनो, आज बोलतीन. मले माहीत होतं ना, नंबर आला नवता. पप्पानं सांगितलं होतं. मले फक्त त्याईच्या तोंडून ऐकायचं होतं. काऊन नाई बोलले?”

“आधी केस होती. वकील नको म्हणाले.”

“केस संपून किती वर्सं झाले?”

“संपली तेव्हा ते लिहून घेऊन आले होते. पेपरात द्यायला. मी म्हटलं, आता कशाला. मग त्यांनी दिलं नाही.”

बाहेर एक म्हातारी डोक्यावर गव्हाचं गाठोडं घेऊन आली आणि बाकावर बसली.

“तुम्ही म्हटलं?”

“हो. आणि त्या दिवशीही मी शेजारीच होते. फोन ऐकला होता. बोलले नाही.”

“हे याच्यात कुठी हाये?” तिनं कागद माझ्यासमोर धरला.

“नाही.”

“मंग लिहा,” ती म्हणाली. “अर्धं काऊन आनलं?”

तिनं पिठानं माखलेलं फळकूट फडक्यानं पुसलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मी उभ्यानं लिहिलं. दोन वाक्यं झाली. तिनं वाचली, कागद परत दिला आणि म्हातारीचं गाठोडं उतरवून घेतलं. मोटर सुरू झाली. तिथं थांबण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

नऊच्या बसनं परतले. दहा वाजून गेले होते तेव्हा प्रेसमध्ये पोचले. कंपोझिंगवाल्यानं पान चाळलं आणि शेवटाला बोट लावून विचारलं, “हे खालचं हातानं लिहिलेलंही घ्यायचं? हे कोणाबद्दल आहे?”

“माझ्याबद्दल,” मी म्हटलं. “खाली माझं नाव टाका.”

त्यानं ते बसवलं, मी तिथंच प्रूफ वाचलं, एक वेलांटी दुरुस्त केली आणि सही करून दुकान उघडायला गेले.